डॅटसन २४० झेडची पुनर्बांधणी

डॅटसन २४० झेड ही जपानच्या निस्सान कंपनीची दोन आसनी, सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कूपे. जपानमध्ये तिचे नाव निस्सान फेअरलेडी झेड आणि कंपनीतला सांकेतिक क्रमांक एस३०. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती लोकांपुढे आली. अमेरिकेत १९७४ साली तिच्या जागी २६० झेड आली आणि १९७५ ते १९७८ या काळात २८० झेड. तिन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या व त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत खपल्या. अशी जुनी, कुठेतरी वर्षानुवर्षे उभी राहिलेली झेड विकत घ्यायची, सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये ती सुटी करायची, पुन्हा जोडायची आणि जोडताना मूळच्यापेक्षा थोडी वेगवान, थोडी भरवशाची करायची, हा छंद अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये चांगलाच रुजला आहे. या नोंदीचा विषय तो छंद आहे.

निस्सानच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख युताका कातायामा (१९०९–२०१५) यांना सामान्य पगारदाराला परवडणारी, पण दिसायला आणि पळायला युरोपीय गाड्यांच्या पंक्तीत बसेल अशी गाडी हवी होती. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने लांब नाकाचा, बसक्या पाठीचा तिचा आकार घडवला. अमेरिकेतली किंमत ठरली ३,५२६ डॉलर. एवढ्या पैशांत २.४ लिटरचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन त्या काळी सहसा मिळत नसे. ‘फेअरलेडी’ हे नाव कातायामांना अशा गाडीला मुळीच शोभेना. अमेरिकेत उतरलेल्या पहिल्या गाड्यांवरची ती अक्षरे काढून त्यांनी ‘२४० झेड’ लावायला लावले, असे सांगतात.

छंदाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे तिचे गोतावळ्याशी जमते. तिचे एल२४ इंजिन ज्या एल मालिकेतले, त्याच मालिकेतली इंजिने निस्सानने पुढे कितीतरी साध्या, घरगुती गाड्यांत बसवली. त्यामुळे नंतरच्या, जड आणि कमी देखण्या २८० झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगी वाटणारा भाग), गिअरबॉक्स किंवा आल्टरनेटर या जुन्या गाडीत फारशी कापाकापी न करता बसतो. झेडवाल्याला भंगारात पडलेली २८० झेडएक्स दिसली की तो तिथे थांबतोच. थोरल्या बहिणीच्या अंगावर धाकटीचे दागिने चढवण्याचा हा प्रकार सगळ्या ‘अपग्रेड’च्या मुळाशी आहे.

गंज

पण इंजिन, कार्ब्युरेटर, चाके ही सगळी पुढची गोष्ट. जुन्या झेडचे भवितव्य पत्रा ठरवतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही. फरशी, दाराखालच्या उंबऱ्याच्या पेट्या आणि खालच्या पोकळ पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. सत्तरच्या दशकातल्या जपानी पत्र्याला गंजरोधक संरक्षण बेताचेच होते. त्यातून अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. न्यूयॉर्ककडची गाडी बाहेरून चकचकीत आणि खालून जाळीदार, तर ॲरिझोनाच्या वाळवंटातली गाडी रंग उडालेली, डॅशबोर्ड तडकलेला, पण पत्रा खणखणीत, असे चित्र नेहमी दिसते. दोन्ही एकाच किमतीला मिळत असतील, तर जाणकार डोळे मिटून दुसरी घेतो. डॅशबोर्ड आणि रंग पैशांनी येतात. सडलेला सांगाडा पैसे खाऊनही पूर्वीसारखा होईलच असे नाही.

गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅटरीच्या तबकातून आम्ल ठिबकते आणि थेट खालच्या पट्टीला खाते. काचेखालच्या पन्हाळीत पाने साचतात, पाणी तुंबते आणि ते आतल्या आत झिरपते. दारामागचा वाकडा कोपरा, ज्याला झेडवाले ‘डॉगलेग’ म्हणतात, उंबरे, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या (डिकीच्या) दाराचा खालचा काठ याही नेहमीच्याच. गाडी बघायला जाताना बरोबर छोटे लोहचुंबक ठेवण्याची रीत आहे. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी भरलेली असते.

आतली फरशी झाकलेली असते ती कंपनीनेच चिकटवलेल्या डांबरी थरांनी. आवाज कमी व्हावा म्हणून घातलेले हे थर ओल धरून ठेवतात. ते खरवडायला गेले तर दिवस जातो आणि हात काळे होतात. त्यावर छांदिष्टांनी नामी उपाय शोधला आहे : कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरायचा, डांबर गारठून ठिसूळ झाले की हातोडीने हलके ठोकायचे. काचेसारखे तुकडे उडतात आणि खालचा पत्रा, असलाच तर, दिसू लागतो.

सडलेला भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून ती जखडावी लागते. हे न करता उंबरा कापला तर गाडी स्वतःच्या वजनाने कणभर दुमडते. पुढे रंगकाम होऊन दार लावायच्या दिवशी ते लागतच नाही. नव्या पत्र्याला सलग टाका घालायचा नसतो. इथे एक ठिपका, मग वीतभर दूर दुसरा, मध्ये थंड होऊ द्यायचे. नाहीतर पातळ पत्रा तापून लाटा धरतो. घरी काम करणाऱ्या नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यात जातो आणि अर्धवट सोडलेल्या गाड्या बहुधा याच अवस्थेत विकायला येतात : रंगवलेला निम्मा सांगाडा आणि खोकीभर सुटे भाग, एकाही पुड्यावर नाव नाही. म्हणून उघडताना प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी लावायची आणि फोटो काढायचा, ही शिस्त वेल्डिंगइतकीच महत्त्वाची आहे.

सस्पेन्शन उतरवताना मागच्या खालच्या भुजेतला लांब दांडा प्रत्येकाची परीक्षा पाहतो. इंग्रजीत त्याला स्पिंडल पिन म्हणतात. पन्नास वर्षांत तो आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला असतो. तेल मुरवा, तापवा, ठोका, तो हलत नाही. ठोकून ठोकून त्याचे आटे मात्र खराब होतात. शेवटी दांडा ओढून काढणारे खास अवजार किंवा हायड्रॉलिक प्रेस आणावा लागतो.

इंजिन

त्या मानाने इंजिन सोपे. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, २,३९३ घन सेंमी क्षमता, क्रँकला सात बेअरिंगे. त्या काळच्या ‘ग्रॉस’ मापाने, म्हणजे सायलेन्सरसारखे जोड न लावता मोजलेली, १५१ अश्वशक्ती. बोअर करणे, हेड सपाट करून घेणे ही कामे मशीनशॉपला देऊन बाकीची जुळणी बरेच जण घरी करतात. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर हवा आत घेणाऱ्या झडपेला ०.२० आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेला ०.२५ मिमी ठेवतात. ते पाना आणि फीलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन आपले आपण लावता येते आणि लावल्यावर इंजिनाचा आवाज शिलाईयंत्रासारखा एकसुरी होतो.

कार्ब्युरेटर हिताचीचे, ब्रिटिश एसयू पद्धतीचे, दोन. या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी नळी एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटर तापलेल्या नळ्यांच्या डोक्यावरच बसतात. उन्हात गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा चालू करायला जावे, तर पेट्रोल उकळलेले असते. १९७३ च्या गाड्यांवर प्रदूषणाच्या नियमांसाठी चपट्या माथ्याचे निराळे कार्ब्युरेटर आले आणि हा त्रास वाढला. ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसवणे ही म्हणूनच अमेरिकेतल्या झेडवाल्यांची जुनी रूढी. म्हणजे ‘सुधारणा’ म्हणून इथे चक्क मागे जायचे.

बदल कुठवर

सगळ्यांना मान्य असलेले बदल दिसत नाहीत असे असतात. पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर काढून २८० झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक बसवणे हा पहिला. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवून गाडी चालू करण्याची विद्या पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळातल्या वाचकांना ठाऊक असेल. त्या विद्येपासून ही सुटका. दुसरा बदल हेडलाइटच्या रिलेचा, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. मूळ गाडीत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, स्विच तापतो, कधी वितळतो. रिले घातले की स्विचवरचा भार जातो आणि दिवेही उजळ पडतात.

मग ब्रेक. टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कला चिमटणारे भाग) झेडच्या पुढच्या चाकांना बसतात, हा शोध कोणी लावला कोण जाणे, पण तो सर्वत्र पसरला. ब्रेक मोठे केले की पेडलचा दाब तेलातून ब्रेकपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडरही त्याला जुळता घ्यावा लागतो, एरवी पेडल खोल जाते. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ब्रेक वाढवावेत हा साधा क्रम आहे, आणि उत्साहात तोच सर्वाधिक मोडला जातो.

ताकदीसाठीचा सरळ मार्ग म्हणजे २८० झेडचे एल२८ इंजिन. त्याची क्षमता २,७५३ घन सेंमी, आणि ते त्याच जागेत, बाहेरून जवळजवळ तसेच दिसते. पुढची पायरी अधिक चतुर आहे. एलडी२८ या निस्सानच्याच डिझेल इंजिनाच्या क्रँकचा फेरा (स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव) ८३ मिमी, एल२८ च्या क्रँकचा ७९. डिझेलचा क्रँक एल२८ च्या ब्लॉकमध्ये घालून बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ वरून ८९ मिमी केला की ३.१ लिटर होतात. खटारा डिझेल सेडानच्या पोटातून शर्यतीचे इंजिन काढण्याची ही कल्पना झेडच्या छंदातली सगळ्यात देखणी म्हणावी लागेल. त्यापुढे शेव्हरोलेचे व्ही८ किंवा निस्सानच्याच स्कायलाइन जीटी-आरचे आरबी२६ इंजिन बसवणारेही आहेत. गाडी त्याने भयंकर पळते यात वाद नाही. मात्र डिफरन्शियल, त्यापासून चाकांकडे जाणारे दांडे, इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था, इंधनाच्या नळ्या असे सगळेच पाठोपाठ बदलावे लागते आणि शेवटी झेड म्हणून फक्त कवच उरते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. इंजिन बदलू पाहणारे तिथे २४० आणि २६० झेडच्या मागे असतात ते सौंदर्यासाठी तितकेच या सवलतीसाठीही.

दुसऱ्या टोकाला मूळपणाचे उपासक आहेत. इंजिनाचा क्रमांक इंजिनकक्षातल्या पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, मागच्या दारावर हवेच्या झरोक्यांच्या जाळ्या आहेत का (त्या १९७१ च्या सुरुवातीपर्यंतच होत्या, नंतर झरोके मागच्या खांबावर गेले), रंग ९१८ क्रमांकाचा नारिंगी आहे की नंतर मारलेला, यांवर त्यांचे वाद चालतात. निस्सानने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःच जुन्या २४० झेड विकत घेऊन, पूर्ण नव्यासारख्या करून निवडक विक्रेत्यांमार्फत २४,९५० डॉलरला विकल्या. जेमतेम चाळिसाच्या आत गाड्या झाल्या आणि उपक्रम थांबला. तेव्हा ती किंमत अनेकांना अवाच्या सवा वाटली होती. जानेवारी २०२० मध्ये फारशी न चाललेली, मूळ अवस्थेतली १९७१ ची एक गाडी लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. तेव्हापासून चांगल्या स्थितीतल्या गाडीला करवत लावताना हात थबकतात. एल२८ बसवणारे पुष्कळजण मूळ एल२४ तेल लावून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवतात. विकताना ते गाडीबरोबर जाते.

तिसरा पंथ प्रतिकृतींचा. पीट ब्रॉक यांच्या बीआरई या शर्यत-संघाकडून जॉन मॉर्टन यांनी १९७० आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संघटनेच्या शर्यतींतले सी-प्रॉडक्शन वर्गाचे विजेतेपद मिळवले. लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांतली त्यांची ४६ क्रमांकाची झेड आजही लोक घरोघर रंगवतात. त्याहून मातीच्या जवळची आठवण पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीची. १९७१ मध्ये एडगर हेरमान आणि १९७३ मध्ये शेखर मेहता यांनी ती २४० झेडमध्ये जिंकली. मेहता भारतीय वंशाचे, जन्म युगांडातला. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनी हीच रॅली निस्सानच्याच दुसऱ्या गाड्यांतून जिंकली. लाल अंग, काळे बॉनेट आणि उंचावलेली गाडी हा सफारी थाट त्यांच्यामुळे छंदात आला.

भारतात

भारताच्या तेव्हाच्या बंद बाजारात २४० झेड अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही, आणि इथला छंद बहुतांशी फियाट, जीप, जुन्या ब्रिटिश-अमेरिकी गाड्यांभोवती वाढला. तरी परदेशी राहणाऱ्या आणि झेड घेऊन बसलेल्या मराठी वाचकाला एक फरक माहीत असावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. ३.१ लिटरची झेड या व्याख्येत बसत नाही. एरवीही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून दूर जाऊ देत नाही. अमेरिकेत ज्या कामाला मित्र टाळ्या वाजवतात, त्याला इथे आरटीओची हरकत येऊ शकते.

सगळे जुळून गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली की बहुतेकांना एकच तक्रार असते : काचा खाली केल्या की आत धुराचा वास येतो. लोक सायलेन्सर तपासत बसतात. चूक तिथे नसते. पळत्या झेडच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर मागच्या दाराच्या व दिव्यांच्या वाळलेल्या रबरी पट्ट्यांतून आत ओढला जातो. मागचे दिवे काढून त्यांखालची गास्केट बदलायची आणि दाराला नवी रबरी पट्टी लावायची, वास जातो.