डबिंग कुठं संपतं आणि रूपांतर कुठं सुरू होतं

सांगलीत हिंदीत बोलणारी कोरियन मालिका घरोघरी पाहिली जाते आणि परदेशी नाटकावरून आलेला मराठी प्रयोगही. दोन्हींबद्दल आपण ‘बाहेरचं आपल्याकडं आलं’ असंच म्हणतो. कामं मात्र वेगळी आहेत.

डबिंगमध्ये आवाज तेवढा बदलतो. घर, जेवण, थोरल्यांपुढं वाकायची रीत मूळचीच राहते. शिवाय प्रत्येक वाक्य पात्राच्या ओठांच्या हालचालीत बसवावं लागतं, म्हणजे लेखकाला मोकळीक थोडी. कसबाचं काम आहे हे, पण पात्रं त्यांच्या मूळच्याच देशात राहतात.

रूपांतरात माणसं इकडं राहायला येतात. कसं, ते हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांकडं पाहावं. मोलिएरचं १६६० सालचं फ्रेंच प्रहसन आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिलं. त्याचंच पुढं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. घेरी आलेली तरुणी, हरवलेली तसबीर, ती बायकोच्या हातात बघून पेटलेला नवरा, हे सगळं मूळचंच. पण मोलिएरची नायिका चांगल्या खात्यापित्या घरातली. बाप म्हणेल त्याच्याशी लग्न कर, एवढीच तिची अडचण. देवलांची रेवती गणिकेच्या घरातली. खरं रूपांतर मला इथं दिसतं. तिच्यावर प्रेम करणाऱ्या अश्विनशेठचा संशय आता नुसता प्रियकराचा रुसवा राहत नाही. असल्या घरातली मुलगी एकनिष्ठ राहील का, हा त्या काळच्या मराठी समाजाचा प्रश्न त्यात शिरतो. नुसती नावं मराठी करून हे साधलं नसतं.

‘कोण होईल मराठी करोडपती’सारखा कार्यक्रम मधेच कुठंतरी बसतो. स्पर्धक आणि प्रश्न इथले, खेळाचा साचा ब्रिटनमधून परवान्यानं आलेला.

खरी गफलत होते ती मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपांबाबत. हॉलिवूडचा नायक आपल्या भागातल्या बोलीत ‘कारखान्यानं बिल काढलं का न्हाय?’ म्हणून समोरच्यावर ओरडतो. सगळे त्याला डबिंग म्हणतात, तंत्रही तेच. पण भांडणाचं कारण बदललं, नाती बदलली. म्हणून मी त्याला रूपांतर म्हणेन, तेही प्रेक्षकांनीच केलेलं. डब केलेला मूळ सिनेमा सांगली-साताऱ्यात आणि कोकणात सारखाच कळतो. ही क्लिप कोकणातल्या पाहुण्याला दाखवली, तर आधी उसाच्या बिलाचं, म्हणजे साखर कारखान्याकडून शेतकऱ्याला यायच्या पैशांचं, प्रकरण समजावून सांगावं लागतं.