जंपिंग बूट (घोड्यांचे)

अडथळ्यांवरून उडी मारणाऱ्या घोड्याच्या पायांना मार लागू नये म्हणून गुडघ्याखाली बांधायचे कवच म्हणजे जंपिंग बूट. नाव बुटाचे असले तरी त्याचा खुराशी संबंध नाही. गुडघा आणि घोटा यांमधल्या नळीच्या हाडाभोवती तो गुंडाळतात आणि बाहेरच्या अंगाने पट्ट्यांनी बांधतात.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसते. कातडी, तिला लागून दोरखंडासारख्या ताठ कंडरा आणि हाड, एवढाच ऐवज. नळीच्या मागून बोट फिरवले तर या कंडरा हाताला स्पष्ट लागतात. तबेल्यात त्यांना टेंडनच म्हणतात. उडीनंतर पुढचे पाय आधी टेकतात आणि मागचे त्यांच्या मागोमाग येतात. पुढचा पाय उचलायला किंचित उशीर झाला, तर मागच्या नालेची कड थेट कंडरेवर बसते. अशी जखम भरायला कित्येक महिने जातात आणि भरलेली जागा पूर्वीइतकी लवचीक राहत नाही. बुटाचे खरे काम हा फटका अडवण्याचे आहे. ‘पायाला आधार देतो’ असे सांगून बूट विकले जातात, त्यावर विसंबू नये. उतरताना घोट्याचा सांधा खाली दबतो आणि कंडरा ताणली जाते. तो ताण पेलण्याइतकी ताकद पातळ पट्ट्यांत नसते.

शो जंपिंगसाठी पुढच्या पायांना टेंडन बूट घालतात. त्याला मागे आणि बाजूंना कडक कवच असते, समोर फक्त पट्टे. समोरची बाजू मुद्दाम उघडी ठेवलेली असते. या खेळात दांड्या उथळ खाचांवर टेकवलेल्या असतात आणि दांडी पडली की 4 दंडगुण बसतात. नळीला दांडी लागल्याचे घोड्याला कळले, तर पुढच्या उडीला तो पाय नीट आवळून घेतो. मोकळ्या रानातून पक्के अडथळे ओलांडत धावण्याच्या क्रॉस कंट्रीत हिशेब उलटा. तिथले ओंडके जागचे हलत नाहीत, म्हणून तिथे चहूबाजूंनी बंद आणि पाणी न धरणारा बूट लागतो. दोन्हीकडे एकच जोडी चालवण्याचा मोह टाळावा.

मागच्या पायांना आखूड फेटलॉक (म्हणजे घोट्याचा) बूट पुरतो. चालताना एक पाय दुसऱ्याला घासतो, त्यापासून घोट्याच्या आतल्या बाजूचे तो रक्षण करतो. टाचेच्या मऊ भागावर मागचा खूर पडत असेल किंवा नाल उपटली जात असेल, तर खुरावर घंटेसारखा बसणारा रबरी बेल बूटही घालावा.

कोणता बूट घ्यायचा हे दुकानात नाही, घोड्याच्या चालीत ठरते. जुनी जोडी उन्हात धरून पाहावी. आतल्या बाजूला ओरखडे असतील तर घोडा पाय पायाला मारतो. मागच्या कवचावर, खालच्या टोकाशी खोच असेल तर मागचा खूर पुढे पोचतो आहे. हे ओरखडे जिथे आहेत, तिथे नव्या बुटाचे कवच जाड हवे. बाकी ठिकाणी जितके हलके तितके बरे.

माप बघताना बुटाची वरची कड गुडघा दुमडताना टोचत नाही ना आणि खालची कड घोट्याच्या मागचा भाग झाकते ना, हे पाहावे. घालताना बूट जरा वर धरून खाली सरकवतात, म्हणजे आतले केस सरळ बसतात. पट्ट्यांची टोके मागे वळलेली असावीत. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवे. लवचीक पट्टे नकळत जास्त ओढले जातात, तेव्हा मोतद्दाराच्या हाताला ही सवय आधी लावावी.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. भरधाव धावताना कंडरेच्या गाभ्यात सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान नोंदले गेले आहे. मुंबईच्या दमट हवेत, महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबच्या मैदानावर किंवा कुठेही, जाड निओप्रीन, म्हणजे बुटाचे कृत्रिम रबर, ही उष्णता कोंडून ठेवते. छिद्रे असलेले कवच इथे सोयीचे. मेंढीच्या लोकरीचे अस्तर नाजूक कातडीला मानवते, पण त्यात वाळू अडकते आणि पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही.

नियमांचाही विचार करावा लागतो. मागचे बूट घट्ट आवळून किंवा जड करून घोड्याला मागचे पाय अनैसर्गिक उंच फेकायला लावण्याची वाईट चाल या खेळात रुळली होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2021 पासून सर्वच आंतरराष्ट्रीय जंपिंग स्पर्धांत मागच्या बुटांवर बंधने आणली: आतली लांबी जास्तीत जास्त 16 सेंटिमीटर, बाहेरच्या बाजूची रुंदी किमान 5 सेंटिमीटर, आतला पृष्ठभाग सपाट. नाल सोडून एका पायावरच्या साऱ्या साहित्याचे वजन 500 ग्रॅमच्या आत हवे. दांडी लागली की जास्त झोंबावे म्हणून पायाची कातडी औषधाने हुळहुळी करण्याचा प्रकारही याच वृत्तीतला. 2008 च्या ऑलिंपिकची अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाली, तेव्हा मिरचीतले कॅप्सेसिन चार जंपिंग घोड्यांच्या तपासणीत सापडले आणि नॉर्वेचे सांघिक कांस्यपदक गेले. ठरावीक चाली शिस्तीत करून दाखवण्याच्या ड्रेसाज स्पर्धेत तर बूट मुळीच चालत नाहीत.

काम संपताच बूट काढून पाय गार पाण्याने धुवावेत. खरारा करण्याआधी चारही नळ्यांवरून तळहात फिरवावा. एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली किंवा तिथे बोट दाबताच घोड्याने पाय उचलला, तर दुसऱ्या दिवशीची उडी रद्द करून पशुवैद्याला बोलवावे.