बानाखत आणि ताबा यांमधला काळ: वस्तू देण्याच्या बंधनाची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात घराचा व्यवहार ठरला की आधी बानाखत होते, काही महिन्यांनी दस्तऐवज नोंदला जातो आणि किल्ल्या कधी त्याच दिवशी, तर कधी आणखी काही आठवड्यांनी हातात पडतात. पुण्याकडचे नातेवाईक ज्याला साठेखत म्हणतात, त्यालाच दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मराठी कुटुंबे गुजराती ‘बानुं’वरून, म्हणजे इसाराच्या रकमेवरून, बानाखत म्हणतात. या मधल्या काळात घर विकणाऱ्याच्याच हाती असते. गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे, भाडेकरूचे भाडे कोणी घ्यायचे आणि ऑगस्ट 2024 मध्ये शिरले तसे विश्वामित्रीचे पाणी घरात शिरले तर नुकसान कोणी सोसायचे, हे सगळे प्रश्न याच काळातले आहेत. वस्तू देण्याचे बंधन म्हणजे ती शेवटी हवाली करणे एवढेच नव्हे, तोवर ती सांभाळणेही त्यात येते, ही समज कायद्यात कशी आली, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या बोलण्यात ऋणको म्हणजे पैसे देणे लागणारा. रोमन परंपरेतल्या नागरी कायद्यात मात्र घर, घोडा किंवा शेत देणे लागणाराही ऋणकोच मानला जातो. इसवी सन 533 मध्ये सम्राट जस्टिनियनने जारी केलेल्या विधिग्रंथात विक्री ठरताच धोका खरेदीदाराकडे जातो, असे म्हटले आहे. मग विकलेले घर जळो, किंवा पुराने जमिनीचा तुकडा वाहून जावो. मात्र त्याच न्यायाने त्या काळात वस्तूत पडलेली भरही खरेदीदाराची, कारण ज्याचा धोका त्याचाच लाभ. हा नियम खरेदीदारावर अन्याय करणारा वाटेल, आणि विक्रेत्यावर सांभाळण्याचे कडक बंधन नसते तर तो तसा ठरलाही असता. विक्रेत्याने देण्यात कसूर केली, की नंतरचा धोका त्याच्याच माथी येत असे.

ही मांडणी फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेने कलमांत बांधली: देण्याच्या बंधनात हवाली करण्याचे आणि हवाली होईपर्यंत जतन करण्याचे बंधन अंतर्भूत आहे. काळजी किती घ्यायची, याचे माप होते ‘घरचा चांगला कर्ता पुरुष’. 1889 च्या स्पॅनिश संहितेने तेच माप घेतले आणि शेजारच्या कलमांत आणखी तीन गोष्टी घातल्या. देण्याचे बंधन उपजल्या क्षणापासून वस्तूचे उत्पन्न घेणेकऱ्याचे होते, पण वस्तूवरचा प्रत्यक्ष हक्क ती हवाली होईपर्यंत त्याला मिळत नाही. वस्तूसोबत तिची उपांगेही, म्हणजे तिला जोडून येणाऱ्या वस्तूही, द्यावी लागतात, जरी करारात त्यांचा उल्लेख नसला तरी. आणि ऋणकोने दिरंगाई केली, किंवा एकच वस्तू दोघांना कबूल केली, तर दैवी आपत्तीचे नुकसानही तोच सोसतो. एकाच घराची दोन बानाखते केलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शेवटच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. 1950 पासून लागू असलेल्या फिलिपिन्सच्या संहितेत हीच कलमे जवळजवळ जशीच्या तशी उतरली. फ्रान्सने 2014 मध्ये त्या कर्त्या पुरुषाला कायद्यातून निरोप दिला, आणि आता तिथे समंजस व्यक्तीची काळजी हे माप चालते.

आपल्याकडे हा विचार इंग्रजांबरोबर आला, असे मानण्याची सवय आहे; ती चुकीची आहे. स्मृतिकार नारदाने वादांची जी अठरा पदे, म्हणजे प्रकार, सांगितली, त्यांत ‘विक्रीयासंप्रदान’, म्हणजे विकून हवाली न करणे, हे स्वतंत्र पदच आहे. किंमत घेऊन माल न देणाऱ्याबद्दल तो म्हणतो, ‘स्थावरस्य क्षयं दाप्यो जङ्गमस्य क्रियाफलम्’: स्थावर असेल तर त्याचे उत्पन्न भरून द्यावे, जंगम असेल तर त्याच्या कामाचे फळ. शेत विकून त्यातले पीक स्वतः कापणाऱ्याला आणि बैल विकून नांगराला जुंपणाऱ्याला हा नियम सारखाच लागू पडतो. याज्ञवल्क्याने धोक्याचा प्रश्न याहून नेमका सोडवला. खरेदीदाराने माल उचलला नाही आणि त्याच्या दोषामुळे हानी झाली, तर ती त्याची. पण मागूनही विक्रेत्याने माल दिला नाही आणि मग राजामुळे वा दैवामुळे त्यात खोट आली, तर हानी विक्रेत्याची. ठेवीबद्दलही त्याची भूमिका तीच आहे. सीलबंद ठेव होती तशीच परत करायची. राजा, दैव किंवा चोर यांनी नेली तर ठेवून घेणारा सुटतो, मात्र मागितल्यावर न दिलेली ठेव नंतर नष्ट झाली तर ती भरून द्यावी लागते, वर तितकाच दंड. धोक्याचा काटा दोन्हीकडे मागणीच्या क्षणावर फिरतो. रोमशी असलेले हे साम्य उसनवारीचे मानायला मला आधार दिसत नाही. देणे लांबवणारा माणूस दोन्हीकडे होता, एवढे कारण पुरेसे वाटते.

इंग्रजी अमदानीत झालेल्या कायद्यांत ही कर्तव्ये एका जागी राहिली नाहीत. 1872 च्या करार कायद्यात ती निक्षेपाच्या, म्हणजे दुसऱ्याकडे सोपवलेल्या वस्तूंच्या, प्रकरणात आहेत: कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, आणि कलम 163 प्रमाणे वाढही परत करायची. या कलमाचे उदाहरण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असे आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली तर गाईबरोबर वासरूही द्यावे लागते. घरजमिनीसाठी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. त्याचे कलम 55 विक्रेत्यावर करारापासून ताब्यापर्यंत मालमत्तेची, तसेच हक्काच्या कागदपत्रांची, काळजी घेण्याचे बंधन घालते. उपांगांचे काम कलम 8 करते आणि तेही तपशिलात. घराबरोबर कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या व कायम वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तू जातात, असे ते सांगते. उत्पन्नाबाबत मात्र आपली वाट स्पेनहून वेगळी आहे: मालकी हस्तांतरित होईपर्यंत भाडे विक्रेत्याचेच. कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणून बानाखत झालेल्या घराचे भाडे खरेदीदाराला मागता येत नाही.

हे कायदे बडोदे संस्थानात आपोआप लागू नव्हते. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (1875 ते 1939) संस्थानाने स्वतःचे कायदे केले, आणि कारभारातल्या संज्ञांचा आठ भाषांतला ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ 1931 मध्ये प्रसिद्ध केला. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतर आजची चौकट येथे आली.

या चौकटीत एक फट राहिली आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 26 सांगते की धोका मालकीबरोबर जातो, पण हवाली करण्यास ज्याच्या दोषामुळे उशीर झाला, त्या उशिरामुळे होऊ शकणारे नुकसान त्याच्याकडेच राहते. म्हणजे याज्ञवल्क्याचाच निवाडा. स्थावराच्या कलम 55 मध्ये दिरंगाईबद्दल असे स्पष्ट वाक्य नाही. मालकी गेल्यावर विक्रेत्यामुळे न झालेले नुकसान खरेदीदार सोसतो, इतकेच ते म्हणते. दस्तऐवज नोंदला गेला, विक्रेत्याने ताबा महिनाभर लांबवला आणि त्या महिन्यात पूर आला, तर ते नुकसान ‘विक्रेत्यामुळे’ झाले की नदीमुळे, यावर दोन्ही बाजूंचे वकील बोलू शकतील. कलमाची सुरुवातच ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी असल्याने बानाखतात ताब्याची तारीख आणि त्यानंतरच्या धोक्याची जबाबदारी लिहून घेता येते. गिझर आणि पंखे कोणाचे, यावर अर्धे पान खर्च करणाऱ्या मसुद्यांत ही ओळ बहुधा नसते.