केप्रोब : निषिद्ध जागा आणि त्यांची नोंद

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालू असतानाच त्याच्या जवळजवळ कोणत्याही इन्स्ट्रक्शनवर, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेवर, सापळा (प्रोब) लावून तिथली स्थिती टिपण्याची सोय म्हणजे केप्रोब. आयबीएममधील 'डायनॅमिक प्रोब्स' या कामातून ती निघाली आणि २००४ साली २.६.९ या आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आली. कर्नल पुन्हा कंपाइल करायचा नाही, यंत्र बंद करायचे नाही, तरीही आत काय चालले आहे ते पाहायचे, हे तिचे बळ आहे. व्याख्येतला 'जवळजवळ' हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. कर्नलमध्ये अशा काही जागा आहेत जिथे सापळा लावला तर शोधायचा दोष बाजूला राहतो आणि यंत्रच कोसळते. त्या जागा कोणत्या, त्या का वर्ज्य आहेत आणि ते कुठे लिहून ठेवले आहे, हा या नोंदीचा विषय आहे.

केप्रोब लावताना निवडलेल्या इन्स्ट्रक्शनची प्रत बाजूला काढली जाते आणि मूळ जागी ब्रेकपॉइंट, म्हणजे अंमलबजावणी थांबवणारी इन्स्ट्रक्शन, बसवला जातो. एक्स८६ प्रोसेसरवर तो एका बाइटचा असतो, आर्म६४ वर चार बाइटचा. अंमलबजावणी तिथे पोचली की प्रोसेसर अपवाद उठवतो (चालू काम सोडून कर्नलच्या ठरलेल्या कोडकडे वळतो), रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरमधली तात्पुरती मूल्ये, जतन होतात, प्रोब लावणाऱ्याचा हँडलर, म्हणजे त्याने दिलेले फंक्शन, चालतो, मग बाजूला ठेवलेली प्रत चालवली जाते आणि गाडी पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जाते.

सर्वांत मोठा निर्बंध या रचनेतूनच जन्मतो. ब्रेकपॉइंटचा अपवाद हाताळणारा कोडही कर्नलचाच भाग आहे. त्याच कोडमध्ये प्रोब लावला तर अपवाद हाताळताना पुन्हा तोच अपवाद उठेल, तो हाताळताना पुन्हा, आणि स्टॅक (फंक्शनांच्या हाकांची नोंद ठेवणारी मेमरी) संपेपर्यंत हे थांबणार नाही. पुनरावृत्तीपासून केप्रोबला काही संरक्षण आहे हे खरे. प्रत्येक प्रोसेसरसाठी 'सध्या एक प्रोब चालू आहे' अशी खूण ठेवलेली असते. हँडलर चालू असताना दुसरा प्रोब लागला तर त्याचा हँडलर चालवला जात नाही, फक्त त्याची 'हुकलेले' ही संख्या एकने वाढते. पण अपवाद उठल्यापासून ती खूण लागेपर्यंतचा थोडासा कोड उघडाच राहतो. तिथे संरक्षण पोचलेलेच नसते. प्रत चालवण्याच्या अगदी आधीच्या आणि नंतरच्या वाटेची गतही तशीच आहे. तिथे प्रोब लागल्याचे एक्स८६ वरील कोडला आढळले, तर सावरता न येणारा प्रोब सापडल्याचा संदेश देऊन तो कर्नल थांबवतो. म्हणून या वाटेवरची सगळी फंक्शने वर्ज्य ठरवावी लागतात : केप्रोबचा स्वतःचा कोड, पेज फॉल्ट (मेमरीचे पान हाताशी नसल्याचा अपवाद) हाताळणारा कोड, अपवादाची सूचना पुढे पोचवणारी साखळी.

ही वर्ज्य यादी लिहिण्याची पद्धत दोनदा बदलली, आणि या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. सुरुवातीला फंक्शनच्या व्याख्येत एक खूणशब्द घालत. त्यामुळे ते फंक्शन कोडच्या एका वेगळ्या विभागात जाऊन बसे आणि त्या विभागातला कोणताही पत्ता नाकारला जाई. यात 'इथे प्रोब नको' हे सांगण्यासाठी कोडची जागाच हलवावी लागे. २०१४ साली मासामी हिरामात्सू यांच्या कामातून ३.१६ या आवृत्तीत 'नोकेप्रोब सिम्बॉल' हा मॅक्रो (कंपाइल करताना पूर्ण कोडमध्ये विस्तारणारे छोटे नाव) आला. तो फंक्शनच्या खाली लिहितात. फंक्शन जागच्या जागी राहते आणि फक्त त्याचा पत्ता एका वेगळ्या तक्त्यात नोंदला जातो. वाचणाऱ्याला फंक्शन संपताच निर्बंध दिसतो, आणि त्याच ओळीवरून यंत्रालाही तो कळतो. दस्तऐवज आणि अंमलबजावणी एकाच ओळीत असल्यामुळे एक जुने झाले आणि दुसरे बदलले असे होऊ शकत नाही.

तरी एक फट उरते. कंपायलर छोटी फंक्शने त्यांना बोलावणाऱ्या फंक्शनच्या पोटात विरघळवून टाकतो. वर्ज्य फंक्शन असे अवर्ज्य फंक्शनमध्ये मिसळले की त्याचा कोड तिथे जातो, पण नावावरची खूण सोबत जात नाही. उलट बाजूने, वर्ज्य फंक्शनने वापरलेले छोटे साहाय्यक फंक्शन स्वतंत्र राहिले तर ते मोकळेच सुटते. अशा साहाय्यकांसाठी 'नोकेप्रोब इनलाइन' ही खूण आहे : ती कंपायलरला साहाय्यक सक्तीने विरघळवायला लावते, म्हणजे तो बोलावणाऱ्या वर्ज्य फंक्शनच्या संरक्षणाखाली येतो.

पुढचा टप्पा २०२० मधला. ५.८ या आवृत्तीत 'नोइन्स्टर' ही खूण आली. अपवाद, इंटरप्ट (उपकरणांकडून येणारी हाक) आणि सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) यांच्या प्रवेशद्वारावरच्या कोडसाठी ती वापरतात. तिथे प्रोब तर नाहीच, ट्रेसिंगची (कोड चालताना नोंद घेण्याची) इतर कोणतीही जोडणीही चालत नाही. विशेष म्हणजे ऑब्जटूल हे साधन कर्नल बांधतानाच तपासते की या विभागातून बाहेरच्या असंरक्षित फंक्शनला चुकून हाक जात नाही ना. लिहिलेला निर्बंध पाळला जातो की नाही हे माणसाच्या लक्षावर सोडलेले नाही.

सगळे निर्बंध फंक्शनच्या नावाने सांगता येत नाहीत. काही पत्त्यागणिक ठरतात. प्रोब इन्स्ट्रक्शनच्या सुरुवातीलाच लागला पाहिजे. एक्स८६ वर इन्स्ट्रक्शनची लांबी कमीजास्त असते, त्यामुळे कर्नल फंक्शनच्या आरंभापासून एकेक इन्स्ट्रक्शन उलगडत येतो आणि दिलेला पत्ता मधेच पडतो का ते पाहतो. चालू कर्नल स्वतःच बदलत असलेल्या जागाही, म्हणजे जंप लेबल आणि स्टॅटिक कॉल (चालतानाच बदलता येणाऱ्या उड्या आणि हाका) यांच्या जागा, नाकारल्या जातात; दोघांनी एकाच बाइटवर लिहिले तर कोड बिघडतो. आर्म६४ वरचे कारण त्याहून सूक्ष्म आहे. तिथे एक्स्क्लुझिव्ह लोड आणि स्टोअर यांची जोडी (मेमरीतले मूल्य वाचून, मधे काही अडथळा आला नसेल तरच नवे लिहिणारी) अखंड चालावी लागते. मधे अपवाद उठला की स्टोअर फसतो, कोड पुन्हा लोडपासून सुरू करतो, पुन्हा प्रोब लागतो, आणि ते चक्र कधीच संपत नाही.

फंक्शन परत येताना माहिती टिपणाऱ्या केरेटप्रोबचे निर्बंध वेगळे. तो परतीचा पत्ता काढून तिथे स्वतःचा पत्ता ठेवतो. साहजिकच त्या फंक्शनच्या आत परतीचा पत्ता विचारणाऱ्याला खरा पत्ता मिळत नाही. जितक्या वेळा प्रवेश तितक्या वेळा परतणे, हेही गृहीत आहे. प्रक्रिया संपवणारे फंक्शन परत येतच नाही; तेवढी स्थिती कर्नल सांभाळून घेतो, पण दुसरीकडे हा हिशेब जुळला नाही तर निकालावर विसंबता येत नाही.

हँडलर लिहिणाऱ्यावरही बंधने आहेत. हँडलर चालताना प्रीएम्प्शन (चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देणे) बंद असते आणि इंटरप्टही बंद असू शकतात, म्हणून तिथे झोपणारे काहीही चालत नाही : सेमाफोरसाठी (सामायिक वस्तूवरच्या कुलपासाठी) थांबणे नाही, डिस्कची वाट पाहणे नाही.

आणखी एक निर्बंध असा की तो मोडला तरी एररही येत नाही. शक्य असेल तिथे केप्रोब ब्रेकपॉइंटऐवजी थेट उडी बसवतो, कारण ती बरीच वेगवान असते. एक्स८६ वर त्यासाठी पाच बाइट लागतात. त्या पाच बाइटांच्या मधोमध दुसरीकडून कोणी उडी मारून येत नसावे, अशा अटी असतात. अट पुरी झाली नाही तर प्रोब ब्रेकपॉइंटवरच राहतो. नकार मिळत नाही. पण उडी बसली की पूर्व-हँडलरने (इन्स्ट्रक्शनच्या आधी चालणाऱ्या हँडलरने) इन्स्ट्रक्शन पॉइंटर, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, बदलून अंमलबजावणी दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तरी तो बदल दुर्लक्षिला जातो. प्रोब काम करतो, हँडलर चालतो, फक्त अपेक्षित परिणाम होत नाही. यावर उपाय म्हणजे रिकामा का होईना, उत्तर-हँडलर (इन्स्ट्रक्शननंतर चालणारा) द्यायचा किंवा ही सोय बंद करायची. असला निर्बंध कोणत्याही यादीत किंवा तपासणीत सापडत नाही. तो फक्त गद्यात लिहिता येतो, आणि कर्नलसोबतच्या केप्रोब दस्तऐवजात तो लिहिलेला आहे.

चालू यंत्रावरची वर्ज्य यादी डीबगएफएस या, कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या, व्यवस्थेतील 'ब्लॅकलिस्ट' या फाइलमध्ये वाचता येते. प्रत्येक ओळीत आरंभाचा पत्ता, शेवटचा पत्ता आणि फंक्शनचे नाव असते. वर्ज्य जागी प्रोब नोंदवू गेल्यास 'अवैध आर्ग्युमेंट' हा एरर मिळतो. जंप लेबलच्या जागी प्रोब लावू गेले तरी हाच एरर येतो, म्हणून नुसत्या एररवरून कारण कळत नाही. यादी पाहिल्यावर जागा कळते. 'का' हे तरीही कळत नाही. या व्यवस्थेतली खरी उणीव मला इथे दिसते. मॅक्रोला कारण सांगायला जागा नाही, आणि कारण वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलेले नसेल तर पुढचा माणूस तो मॅक्रो काढायला धजत नाही.

वर्ज्य ठरवलेली प्रत्येक जागा वर्ज्य असायलाच हवी असेही नाही. २०१४ च्या त्याच कामात काही फंक्शनांवरची बंदी उठवली गेली. चालू कोडमध्ये नवे बाइट लिहिणारे 'टेक्स्ट पोक' हे त्यांतले एक. ते प्रोब लावताना वापरले जाते, प्रोब लागल्यावरच्या वाटेत ते येत नाही. तेव्हा त्याच्यावर प्रोब लावल्याने पुनरावृत्ती होण्याचा प्रश्नच नव्हता.