पार्श्वभूमी : नवरीच्या मैत्रिणींचा 'मी कधीच' आणि वाक्याच्या शेवटचं 'नाही'

खानदेशात हळदीच्या एक-दोन दिवस आधी, पाहुणे उतरायच्या आत, नवरीच्या मैत्रिणी गच्चीवर किंवा कुणाच्या तरी मळ्यात जमतात. लग्न हिवाळ्यातलं असेल तर हिरवी वांगी भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत ठेचलं जातं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या येतात, आणि नवरीच्या खांद्यावरून 'ब्राइड टू बी'चा गुलाबी पट्टा लोंबत असतो. या बैठकीला आता सर्रास 'बॅचलरेट' म्हणतात. 'हेन पार्टी' हा त्याला इंग्लंडातला शब्द. 19व्या शतकात तो बायकांच्या कुठल्याही जमावाला लावत. लग्नाआधीची मौज हा अर्थ त्याला नंतर चिकटला. केळवणाशी याची गल्लत नको. केळवणाला वडीलधारी मंडळी असतात, आहेर असतो. जेवणं उरकल्यावर सुरू होणारा 'नेव्हर हॅव आय एव्हर', म्हणजे आपला 'मी कधीच', वडीलधारी नसतील तिथेच रंगतो. एकीने स्वतः न केलेली गोष्ट सांगायची, जिने ती केलीय तिने हाताचं एक बोट मिटायचं, असा हा खेळ.

बायकांनी गोल करून बसायचं आणि हो-नाहीवर खेळ चालवायचा, हे इथे जुनंच. भुलाबाईत भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर गाणी होतात आणि शेवटी खाऊचा डबा हलवून ओळखायचा असतो: गोड की तिखट, वाजतो की नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गौराई बोळवताना पलीकडच्या गावच्या पोरींना नदीकाठावरून शिव्या द्यायची मोकळीक असते. जात्यावरच्या ओवीत सासुरवास येतो तो कुणाचं नाव न घेता. तिकडे इंग्लंडातही प्रश्न आणि हुकमाचे बैठे खेळ 17व्या शतकापासून आहेत. पण आजचा खेळ यातल्या कशातून तरी उगवला असं म्हणणं ओढूनताणून होईल. तो आला फोनमधून.

सप्टेंबर 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि शिकायला पुण्या-नाशकात राहणाऱ्या मुलींचे खेळ गावातल्या मैत्रिणींच्या हातात पोचले. 2020 हे वर्ष मात्र निर्णायक. एप्रिलमध्ये 'नेव्हर हॅव आय एव्हर' याच नावाची, भारतीय वंशाच्या अमेरिकी मुलीवरची वेबमालिका आली. लग्नाला 50 माणसांची मर्यादा असल्यामुळे मैत्रिणी व्हिडिओ कॉलवरच भेटत, आणि कॅमेऱ्यासमोर दहा बोटं धरून खेळता येणारा याच्याइतका सोयीचा खेळ दुसरा नव्हता. त्याच सुमारास टिकटॉकवर 'पुट अ फिंगर डाऊन'ची ('बोट मिटा'ची) लाट होती. 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली, लाट रील्सवर सरकली. आज मळ्यातल्या खाटेवर जो वाद होतो त्याचं मूळ या दोन तऱ्हांच्या सरमिसळीत आहे.

पहिल्या तऱ्हेत बोलणारी स्वतः न केलेली गोष्ट सांगते आणि जिने ती केली असेल ती बोट मिटते. दुसरीत नकार नाहीच: 'जिने परीक्षेत कॉपी केलीय तिने बोट मिटा.' इंग्रजीत पहिली तऱ्हाही सरळ चालते, कारण 'नेव्हर' हा पहिलाच शब्द असतो. मराठीत नकार शेवटी बसतो. 'मी घरच्यांपासून लपवून भुसावळहून मुंबईची गाडी पकडली' एवढं ऐकूनच गच्ची ओरडायला लागते, आणि बोलणारीचं 'नाही' त्या गोंगाटात बुडून जातं. मग पुढचा अर्धा तास ती खरंच मुंबईला गेली होती का, यावर जातो. अहिराणीतलं 'नही'ही शेवटीच येतं, त्यामुळे बोली बदलून सुटका होत नाही. नुसत्या 'मी कधी'ने सुरुवात करूनही भागत नाही. 'मी कधी कॉपी केली?' हा तर भांडणाचा सूर झाला. म्हणून 'कधीच' हवा, आणि तो 'मी'ला लागूनच हवा. 'मी कधीच' ऐकलं की पुढे नकार येणार हे कानाला कळतं आणि वाक्य संपेपर्यंत हात जागेवर राहतात.

दुसरी गाठ उत्तराची. 'मी कधीच कॉपी केली नाही' यावर एक 'हो' म्हणते. तिला म्हणायचं असतं, हो, मीही नाही. शेजारची इंग्रजी माध्यमातली. ती त्याच अर्थाने 'नो' म्हणते. तिसरी 'हो' म्हणते ती केली होती म्हणून. मराठीतलं 'हो' समोरच्या वाक्याला दुजोरा देतं, इंग्रजीतलं 'येस' घडलेल्या गोष्टीला. यावर खात्रीचा उपाय एकच: तोंडी उत्तर बाद, फक्त बोट. वाक्यात आणखी एक 'न' येऊ देऊ नये हेही त्यातच आलं. 'मी कधीच घरी न सांगता सिनेमाला गेले नाही' हे उलगडेपर्यंत दोघींची बोटं चुकीची मिटलेली असतात. 'लपवून गेले नाही' म्हणावं.

मग मराठीत सरळ 'बोट मिटा'चीच तऱ्हा का घेऊ नये? सोपी आहे, खरं. पण तिच्यात विचारणारी नामानिराळी राहते आणि खेळाची जबानी होते. 'मी कधीच'मध्ये बोलणारी आधी स्वतःबद्दल काहीतरी कबूल करते, मग इतरांची पाळी. खेळाची सगळी गंमत त्या क्रमात आहे. (पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही; मैत्रिणींपुढची मात्र बारशापर्यंत चालते.) वाक्य खोटं निघालं, म्हणजे बोलणारीनेच ते केलेलं असलं, तर तिची दोन बोटं जातात. कुणाचंच बोट मिटलं नाही तर बोलणारीचं एक. हा दुसरा नियम नसेल तर 'मी कधीच चंद्रावर गेले नाही' छापाची वाक्यं सुरू होतात.

खेळायला आठ ते बारा जणी पुरतात. बारा जणींची एक फेरी हसण्यासकट दहा-बारा मिनिटं घेते. पंधराच्या वर गेल्या तर दहाऐवजी पाच बोटांनी खेळावं, नाहीतर शेवटच्या तिघी कंटाळून फोन काढतात. इंग्रजी खेळात बोटाऐवजी दारूचा घोट असतो. इथे मठ्ठ्याचा घोट ठेवून पाहतात, पण भरितावर मठ्ठा आधीच झालेला असतो, आणि सहा घोटांनंतर कुणाला जात नाही. पंधरा-वीस चिठ्ठ्या आधी लिहून ठेवाव्यात, पहिल्या फेरीच्या शाळा-कॉलेजच्या, पुढच्या जरा धीट. आधीच्या प्रेमप्रकरणाचा विषय आणि कुणाही तिसऱ्याचं नाव चिठ्ठीतच नको. फोन सगळ्यांचे एका टोपलीत. रील करायची हौस असेल तर पहिली फेरी संपल्यावर वेगळं शूटिंग करावं. कॅमेरा चालू असताना कुणी खरं बोलत नाही, आणि बोललीच तर ते रात्रीतच नवऱ्याकडे पोचतं.

नणंदेला बोलवायचं का, यावर घरोघरी दुमत. सोयरीक बहुतेक ओळखीपाळखीतली, त्यामुळे मैत्रिणींत एखादी नवऱ्याची मामेबहीण निघतेच. ती असेल तर पहिल्या फेरीवर थांबावं.

सगळ्यात जास्त खेळ बिघडतो तो मेंदीच्या रात्री ठेवल्याने. मेंदी वरून सुकलेली दिसते, पण लिंबू-साखरेचा हात फिरवून ती चार-सहा तास ठेवायची असते. बोट मिटलं की पेरांवरचा लेप तडकतो, तळव्याला लागतो आणि उमटलेल्या रेषा फिसकटतात. नवरीचं पाचवं बोट मिटेपर्यंत तळहातावरचा मोर ओळखू येत नाही. म्हणून खेळ मेंदीच्या आदल्या दिवशी ठेवावा. तसं जमत नसेल तर बोटांऐवजी चिंचोके घ्यावेत: प्रत्येकीपुढे दहा, बारा जणींना एकशेवीस, फुटके बाजूला काढून. नवरीचा चिंचोका करवलीने उचलायचा. करवल्या दोन्हीकडे असतात. ही नवरीकडचीच घ्यावी.