‘पांढरा जड हाय बे’ : स्नूकरचा बॉल आणि खेळणाऱ्याचं दडपण

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी जिथं कुठं स्नूकरचं टेबल आहे, तिथं एक वाद ठरलेला. सोपा पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायचा फटका, हुकतो, खेळणारा क्यू (खेळायची काठी) टेकवून उभा राहतो आणि क्यूने ज्याला मारायचं त्या पांढऱ्या बॉलला दोष देतो, “पांढरा जड हाय बे.” समोरून उत्तर येतं, “पांढरा कायचा, तुहा हात जड हाय.” बाकावरचे हसतात आणि फ्रेम, म्हणजे डाव, पुढं सरकते. वाद मात्र मिटत नाही, कारण दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. बॉल खरंच जड असू शकतो, आणि हातही. यातलं कुठलं कारण केव्हा खरं, हे ज्याला कळतं त्याच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरतो, असं माझं मत आहे. त्यासाठी हा बॉल आला कुठून, तिथपासून सुरुवात करावी लागते.

खेळ तसा आपल्या शेजारचाच. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत, ऑफिसरांच्या मेसमध्ये वेळ जात नाही म्हणून नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून हा प्रकार सुरू केला. (इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा.) १९३८ साली, म्हातारपणी, जबलपूरच्या या चेंबरलेनने स्वतःच पत्र लिहून ही हकिकत सांगितली. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून लावले गेले. १८८५ च्या सुमारास बिलियर्ड्सचा विजेता जॉन रॉबर्ट्स भारतात आला होता. तो हा खेळ बघून परत गेला आणि मग इंग्लंडला त्याची ओळख झाली. १८७५ मध्ये जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. पुढं १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच राज्यात राहिली. म्हणजे स्नूकर हा मुंबई-पुण्याकडून आपल्याकडं आलेला शौक आहे, ही समजूत निदान नकाशावर तरी टिकत नाही.

त्या काळचे बॉल हस्तिदंताचे. सुळ्याच्या मधोमध शिरेची एक बारीक नळी जाते. कारागीर बॉल असा कातायचा की ती नळी बरोबर मध्यातून जावी. जरा बाजूला गेली की बॉलचं वजन एका अंगाला झुकलं. एका सुळ्यातून मोजकेच बॉल निघत, आणि निघालेले लगेच वापरता येत नसत, मुरवत ठेवावे लागत. हस्तिदंत कोरड्या हवेत आकसतो, दमट हवेत फुगतो, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. मे महिन्यातली आपली कोरडी भट्टी आणि त्यामागून येणारा जुलै, या दोन्हींतून गेलेला बॉल किती गोल राहत असेल, याचा अंदाज इथल्या माणसाला वेगळा सांगायला नको. बिलियर्ड्सला तीन बॉल पुरतात. स्नूकरला सुरुवातीलाच पंधरा लाल आणि वर रंगीत लागले. निळा आणि तपकिरी नंतर आले आणि आज संच बावीसचा झाला आहे. इतके हस्तिदंती बॉल एकाच वजनाचे जमवणं राजेरजवाड्यांनाही जड जावं. स्वस्त बॉल आला नसता तर हा खेळ मेसच्या बाहेर पडलाच नसता, असं मला वाटतं.

तो स्वस्त बॉल कापसातून आला, हे वऱ्हाडातल्या माणसाला ऐकायला बरं वाटेल. अमेरिकेत हस्तिदंत महागला तेव्हा फेलन अँड कॉलेंडर या बिलियर्ड्सचं सामान बनवणाऱ्या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जॉन वेस्ली हायट हा छापखान्यातला माणूस त्याच्या मागं लागला. कापसातलं सेल्युलोज नायट्रिक आम्लात मुरवून त्यात कापूर घातला की जे तयार होतं ते सेल्युलॉइड. त्याचं पेटंट १८७० चं. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कापसासाठी टाकलेली रेल्वे सुरू करायला खामगावला आला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण वर्ष लक्षात राहतं. नायट्रिक आम्लात मुरवलेला कापूस म्हणजे बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. दोन बॉल जोरात आदळले की बारीक फटाका वाजल्यासारखा आवाज यायचा, असं हायटने स्वतः सांगून ठेवलंय. कोलोरॅडोतल्या एका दारूगुत्त्याच्या मालकाने त्याला कळवलं होतं की आवाजाची आपली हरकत नाही, पण तो झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल काढतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये क्रिस्टलेट नावाचा बॉल आला, त्याच कुळातला. त्यावर बरीच वर्षं खेळ चालला. १९०७ मध्ये बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकलाइट बनवलं आणि त्या वाटेने आजचा फिनॉलिक रेझिनचा बॉल तयार झाला. बेल्जियमची सालूक कंपनी आरामिथ या नावाने जो बॉल विकते, तो हाच. बॉल कसा असावा, हे नियमांत लिहिलेलं आहे: व्यास ५२.५ मिलिमीटर, फरक जास्तीत जास्त ०.०५ मिलिमीटर. वजनाचा नियम जरा मजेशीर आहे. बॉल अमुक इतक्याच ग्रॅमचा हवा असं तो सांगत नाही, एका संचातल्या बॉलांत तीन ग्रॅमपेक्षा जास्त तफावत नको एवढंच सांगतो. एक ग्रॅमच्या आत बसणारे संचही आता मिळतात. नियम असा का, हे आपल्या क्लबात चटकन कळतं.

आपल्याकडं क्लब म्हणजे बहुधा बाजारातला लांबट गाळा, वर पत्रे, एक मोठं टेबल आणि दोन पूलची. संच नवा असतो तेव्हा बरा चालतो. पण पांढरा प्रत्येक फटक्यात लागतो आणि लाल कधीमधी, त्यामुळे पांढरा सगळ्यात आधी झिजतो. मग मालक एकटा पांढरा नवीन आणतो. जुने लाल झिजून हलके झालेले, पांढरा कोरा. त्यात संच स्वस्तातल्या पॉलिएस्टरचा असेल तर झीज आणखी लवकर. शंका असेल तर सराफाच्या दुकानातला काटा उत्तम. स्नूकरचा बॉल साधारण १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. अंगठ्या तोलणाऱ्या माणसासमोर आधी पांढरा आणि मग दोन लाल ठेवले की तो आधी तोंडाकडं बघतो, पण आकडा बरोबर सांगतो. चार-पाच ग्रॅमचा फरक निघाला तर “जड हाय” म्हणणाऱ्याची माफी मागायला हरकत नाही.

हा फरक दिसतो कुठं, तर स्टनच्या फटक्यात. लाल सरळ रेषेत आहे. पांढऱ्याला मधोमध, बेताच्या जोराने मारायचं, तो लालला भिडेपर्यंत न फिरता घसरत जायला हवा. दोघांचं वजन सारखं असेल तर पांढरा जागच्या जागी थांबतो, जणू टेबलाला चिकटला. पांढरा जड असेल तर लाल पॉकेटमध्ये जातो, पण पांढरा बोटभर, दोन बोटं पुढं सरकतो. हलका असेल तर किंचित मागं येतो. पॉट झाला म्हणून बघणारे टाळ्या वाजवतात. लालनंतर रंगीत बॉल घ्यायचा असतो, आणि खेळणाऱ्याला काळ्यावर जो कोन हवा होता तो मात्र गेलेला असतो. दोन बोटांची चूक पुढच्या फटक्यात वीतभर होते आणि तिसऱ्या फटक्याला पांढरा लालच्या मागं अडकतो. ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग घेतलेल्या बॉलांची मालिका, तुटतो तो काळ्यावर. बिघडलेला असतो दोन फटके आधी.

वजनाखेरीज दुसरा शत्रू म्हणजे मळ. खडूचा कण दोन बॉल नेमके जिथं भिडतात तिथं आला की ते क्षणभर एकमेकांना धरतात, पांढरा हलकी उडी मारतो आणि लाल ठरलेली वाट सोडतो. याला किक म्हणतात. मोठ्या स्पर्धेत खेळाडू पंचाला बॉल पुसायला सांगू शकतो. आपल्याकडं ते काम मार्करचं, म्हणजे क्लबात गुण मांडणाऱ्या आणि टेबल सांभाळणाऱ्या माणसाचं, आणि मार्कर चांगला असेल तर क्लब चांगला, हा माझा अनुभव. साबणाच्या कोमट पाण्याने बॉल धुऊन मऊ फडक्याने कोरडे करणारा, कापडाला एकाच दिशेने ब्रश मारणारा मार्कर असला की निम्म्या तक्रारी बंद होतात. त्यात आपल्याकडं कूलर. व्यावसायिक स्पर्धेत कापड कोरडं राहावं म्हणून टेबलाच्या पाटीखाली हीटर लावतात. आपल्याकडं पंचेचाळीस अंशात खिडकीतला कूलर थेट टेबलावर ओली हवा सोडतो. कापड दमट होतं, बॉल रेंगाळतात, आणि खिडकीकडचा भाग वेगळा धावतो, दाराकडचा वेगळा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते पाठ असतं. जिनिंगच्या हंगामात आसपास गाठी बांधण्याचं काम सुरू असेल तर रुईचे तंतूही येतात.

आता हात. बॉल कितीही चांगला असला तरी हात जड होतो, याचा सगळ्यात मोठा पुरावा १९८५ च्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात आहे. शेफील्डचं क्रुसिबल थिएटर. स्टीव्ह डेव्हिस एकदा ८-० ने पुढं होता. डेनिस टेलरने सामना १७-१७ वर आणला. शेवटच्या फ्रेममध्ये डेव्हिस ६२-४४ ने पुढं आणि टेबलावर फक्त चार रंग. टेलरने तपकिरी, निळा, गुलाबी घेतला: ६२-५९. राहिला सात गुणांचा काळा. त्यावर दोघांनी आळीपाळीने प्रयत्न केले आणि दोघांचेही हुकले. शेवटी डेव्हिससमोर एक बारीक कट (बॉलच्या कडेला लावायचा फटका) आला, त्या काळात तो एरवी डोळे झाकून घ्यायचा असा. तो गेला नाही, आणि टेलरने काळा घेतला. मध्यरात्र उलटली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर होते. त्या दिवसापर्यंत दडपण हा शब्द स्नूकरमध्ये सगळे वापरत होते. ते दिसतं कसं, हे तेव्हा घराघरात दिसलं.

ते होतं कसं, यावर पुढं बरंच काम झालं. पक्कं झालेलं कौशल्य हाताला न सांगता चालतं. दडपणाखाली माणूस त्यावर लक्ष ठेवू लागतो, कोपर कुठं आहे, मनगट सैल आहे का, आणि तिथंच हात अडखळतो. सात वेळा विश्वविजेता झालेल्या स्टीफन हेन्ड्रीला कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत याच दुखण्याने पछाडलं होतं आणि त्याने ते उघड सांगितलं. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी नजरेच्या स्थिरतेवर अभ्यास सुरू केला. फटक्याच्या आधी नजर लक्ष्यावर किती वेळ शांत टिकते, हे त्यात मोजतात. २००२ मध्ये बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात कुशल खेळाडूंची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकत असल्याचं दिसलं. क्लबातले जुने खेळाडू “क्यू मागं नेल्यावर क्षणभर थांब” म्हणतात, ते काही उगीच नाही.

भारतात या खेळाची नावं मोठ्या शहरांतली आहेत. विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचा हौशी विश्वविजेता झाला, ओम अगरवालने १९८४ मध्ये स्नूकरचं हौशी विश्वविजेतेपद आणलं, पंकज अडवाणीने २००३ मध्ये. त्यांच्या सरावाच्या टेबलांची तुलना आपल्या गाळ्यातल्या टेबलाशी करण्यात अर्थ नाही. दडपणाचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडं जुनी रीत अशी की हारणारा टेबलाचे पैसे भरतो. बापाने कृषी केंद्रातून खत आणायला दिलेल्या पैशातले उरलेले शंभर खिशात घेऊन जो पोरगा शेवटच्या काळ्यावर वाकतो, त्याचा हात शेफील्डमधल्या हातापेक्षा कमी थरथरत नाही. तिकडं हरणाऱ्यालाही बक्षीस मिळतं.

अशा वेळी “बॉल जड हाय” हे वाक्य त्या पोराचा आधार असतं आणि त्याचं नुकसानही तेच करतं. आधार असा की चूक आपली नाही म्हटलं की पुढचा फटका मोकळा मारता येतो. नुकसान असं की बॉलवर एकदा शंका आली की माणूस सरळ फटक्यातही नसलेली दुरुस्ती करू लागतो: थोडा जाड मार, थोडा जोर कमी कर. चांगल्या बॉलवर हे करणारा हमखास हरतो. गावातला पोरगा नागपूरला स्पर्धेला गेला की नेमकं हेच होतं. इथं जड पांढऱ्याची सवय, त्यामुळे स्टन मारताना तो नकळत थोडा खाली मारतो. तिथल्या एकसारख्या बॉलवर पांढरा थांबण्याऐवजी मागं येतो. पहिल्या दोन फ्रेम त्यातच जातात आणि तिसऱ्यापर्यंत धीर सुटलेला असतो. बघणारे म्हणतात, पोरगं दडपणाखाली खचलं. खचलं खरं, पण सुरुवात बॉलने झाली होती, बॉल चांगला होता म्हणून.

ज्यांना हे कळलंय ते सामन्याआधी मिळणारी मिनिटं बॉल ओळखण्यात घालतात. पांढरा एका कुशनपासून (टेबलाच्या रबरी कडेपासून) समोरच्या कुशनपर्यंत अगदी हळू सोडायचा, एकदा लांबीत, एकदा आडवा, आणि शेवटच्या वीतभरात तो कुठं वळतो ते बघायचं. वळला तर टेबलाची पातळी नाहीतर बॉलचा समतोल बिघडलाय. त्याच जागेवरून दुसरा बॉल सोडला की यातलं काय ते कळतं. मग सरळ रेषेत तीन-चार स्टन, वेगवेगळ्या लालवर. पांढरा थांबतो, सरकतो की मागं येतो, एवढंच बघायचं, पॉट झाला की नाही ते सोडून द्यायचं. गरज वाटली तर तिथंच पंचाला सांगून बॉल पुसून घ्यायचा, नाहीतर बदलून मागायचा. तक्रारीची वेळ तेवढीच. फ्रेम सुरू झाल्यावर आमच्याकडचा एक जुना खेळाडू बॉलबद्दल बोलणाऱ्या भिडूला चहा आणायला पाठवतो.