माउंट करणे : सीडी, डीव्हीडी आणि पेन ड्राइव्ह

युनिक्स व तिच्यासारख्या संगणक प्रणालींत (लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी इत्यादी) काढता-घालता येणाऱ्या साधनातल्या फायली मुख्य फायलींच्या झाडाला एखाद्या डिरेक्टरीपाशी जोडण्याच्या क्रियेला माउंट करणे म्हणतात. ही जोड सोडवणे म्हणजे अनमाउंट. आज्ञा मात्र ‘यूमाउंट’ अशी आहे. मधला ‘न’ गाळलेला, आणि नवशिक्या हमखास तिथेच अडखळतो. विंडोजमध्ये प्रत्येक साधनाला डी, ई, एफ असे वेगळे अक्षर मिळते. युनिक्समध्ये झाड एकच, बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट त्याची फांदी होते. ही कल्पना सीडीपेक्षा बरीच जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या १९७४ च्या शोधनिबंधातच काढता येणाऱ्या फाइल प्रणालींवर स्वतंत्र भाग आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात ‘पेन ड्राइव्ह लाव’ आणि ‘सीडी टाक’ एवढे म्हटले की काम भागते. युनिक्सच्या हिशेबी लावणे वेगळे आणि माउंट करणे वेगळे. पेन ड्राइव्ह खाचेत बसला की कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, फक्त साधन मिळते. लिनक्समध्ये ते ‘/डेव्ह/एसडीबी’ असे काहीतरी, फ्रीबीएसडीत ‘डीए०’. सीडी ड्राइव्हची नावे ‘एसआर०’ आणि ‘सीडी०’. आतल्या फायली दिसायला माउंट व्हावे लागते. हल्लीच्या डेस्कटॉपवर हे काम यूडिस्क्स ही सेवा परस्पर करून टाकते, म्हणून दोन पायऱ्या आहेत हे कळतही नाही. ओपनबीएसडीची वृत्ती उलटी. तिने २०१६ च्या ६.० आवृत्तीत साध्या वापरकर्त्याला माउंट करू देण्याची सोयच काढून टाकली.

दोन्ही साधने एकाच आज्ञेने जोडली जातात, पण त्यांच्यात दाराचा फरक आहे. सीडी ड्राइव्हला दार असते आणि ते कर्नलच्या ताब्यात असते. तबकडी माउंट असताना कर्नल ड्राइव्हला दार बंद ठेवायला सांगते, मग पुढचे बटण कितीही दाबा. नव्या लिनक्समध्ये ते दाबणे ही विनंती धरून तबकडी बाहेर दिली जाते, पण निर्णय प्रणालीचाच. पेन ड्राइव्हला दार नाही. तो हाताने उपटता येतो आणि कर्नलला ते नंतर कळते. सीडी तर मुळात फक्त वाचायची, त्यामुळे ती अवेळी गेली तरी वाचणाऱ्याचे काम अडते, एवढेच. पेन ड्राइव्हवर लिहिलेले असते.

की लिहिलेले नसते? भाडेकराराची फाइल कॉपी झाली, पट्टी शंभर टक्के भरली, गिऱ्हाईक घाईत आहे. फाइल तेव्हा बहुधा स्मृतीतच पडलेली असते. लिनक्स असा मजकूर थांबवून ठेवते आणि नेहमीच्या मांडणीत सुमारे ३० सेकंद जुना झाला की साधनाकडे रवाना करते. यूमाउंट केले की राहिलेले सगळे उतरेपर्यंत आज्ञा परतत नाही. दोन मिनिटे संगणक अडकल्यासारखा वाटतो तो याच कामात असतो. ‘सिंक’ पर्यायाने माउंट करून लगेच लिहायला लावता येते, पण त्याने फ्लॅश स्मृती लवकर झिजते. पेन ड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट या फाइल प्रणालीसाठी (फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीसाठी) ‘फ्लश’ हा मधला मार्ग आहे आणि तो अधिक शहाणपणाचा. ‘टार्गेट इज बिझी’ असा निरोप आला तर कुठला तरी प्रोग्रॅम अजून त्या डिरेक्टरीत बसलेला असतो. बहुतेक वेळा ती आपलीच टर्मिनल खिडकी निघते.

आतली यंत्रणा : पेन ड्राइव्ह स्वतःची ओळख यूएसबीच्या साठवण वर्गातले साधन अशी देतो, आणि पुढचा संवाद स्कझी या जुन्या डिस्कच्या भाषेत चालतो. यूएसबी फक्त पाकीट पुरवते. प्रत्येक आज्ञा ३१ बाइटच्या पाकिटात जाते, निकाल १३ बाइटच्या पावतीवर येतो. ‘एसडी’ हे नाव त्या स्कझी डिस्कवरूनच पडले. यूएसबीने जोडलेला डीव्हीडी ड्राइव्हही याच वाटेने येतो. एसडीबी आज आहे तो उद्या एसडीसी होऊ शकतो, म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये (काय कुठे माउंट करायचे त्याच्या यादीत) साधनाचे नाव न लिहिता यूयूआयडी (फाइल प्रणालीचा स्वतःचा ओळखक्रमांक) किंवा लेबल लिहितात.

सीडीवरची फाइल प्रणाली आयएसओ ९६६० ही १९८८ ची. तिच्या मूळ रूपात आठ अधिक तीन अक्षरांची, मोठ्या लिपीतली (कॅपिटल) नावे होती. युनिक्सची लांब नावे आणि परवानग्या रॉक रिज या जोडणीने आल्या, मायक्रोसॉफ्टने जोलिएट आणले, डीव्हीडीसाठी यूडीएफ आले. या प्रणालीत पहिले १६ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइटचे, म्हणजे ३२ किलोबाइट जागा मोकळी सोडलेली असते. त्याच रिकाम्या जागेत पुढे लोकांनी डिस्कचा विभाग-तक्ता (डिस्कचे भाग कुठून कुठवर, याची नोंद) बसवला. त्यामुळे लिनक्सची एकच आयएसओ फाइल (अख्ख्या तबकडीची नक्कल) सीडीवर भाजली तरी चालते आणि ‘डीडी’ या जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या आज्ञेने पेन ड्राइव्हवर उतरवली तरी संगणक तिच्यावरून सुरू होतो. डीडी वापरताना नाव दोनदा वाचावे. एसडीबीच्या जागी एसडीए लिहिले गेले तर ती निमूटपणे घरची हार्ड डिस्क पुसते.

पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ असते. तिच्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचा व्हिडिओ अडतो. त्यावरचा उपाय एक्सफॅट. लिनक्स कर्नलमध्ये ती २०१९ साली ५.४ आवृत्तीत कच्च्या स्वरूपात आणि २०२० साली ५.७ मध्ये नीट आली.

मराठी नावांचा घोळ : फॅटमधली लांब नावे युनिकोडमध्येच असतात, पण चुकीच्या अक्षरसंचाने माउंट केले तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. ‘यूटीएफ८’ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची रीत) हा पर्याय देऊन पुन्हा माउंट केले की नाव परत येते. दुसरी अडचण मोजमापाची. फॅटमध्ये नावाला २५५ खुणा चालतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत २५५ बाइट. ‘ठाणे’ डोळ्यांना दोन अक्षरे, पण काना-मात्रा धरून चार खुणा, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२. अशा हिशेबाने ईएक्सटी४ वर देवनागरी नाव ८५ खुणांत संपते. विंडोजवर सोसायटीचे नाव, सेक्टर आणि ‘सुधारित मसुदा अंतिम’ असे सगळे घालून ठेवलेली फाइल लिनक्सवर कॉपी होत नाही ती यामुळे.

नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीसारख्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात या सोयीची दुसरी बाजू दिसते. इथे पेन ड्राइव्ह चालू न देणे हेही प्रणाली सांभाळणाऱ्याचे काम असते. लिनक्सवर त्यासाठी ‘यूएसबी-स्टोरेज’ हा कर्नलचा भाग बंद करतात. पण जे साधन दिसायला पेन ड्राइव्ह असून स्वतःला कीबोर्ड म्हणवते, ते यातून सुटते. त्याच्यासाठी यूएसबीगार्डसारख्या प्रोग्रॅमची, परवानगी असलेल्या साधनांची यादी लागते.

नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह गेला, तरी एमआरआय-सीटी स्कॅनच्या तबकड्या अजून घरोघरी आहेत. अशा तबकडीवर प्रतिमांची सूची ‘डायकॉमडिर’ नावाच्या फायलीत, मोठ्या रोमन अक्षरांत असते. जोडीला जोलिएट किंवा रॉक रिज नसेल तर लिनक्स आयएसओची नावे लहान लिपीत करून दाखवते, आणि मोठी अक्षरे शोधणारा प्रोग्रॅम सूची नाहीच म्हणतो. तबकडीत दोष नसतो. ‘चेक=रिलॅक्स्ड’ पर्यायाने माउंट केले की मोठ्या अक्षरांतून मागितली तरी सूची सापडते.